पुंगळी कोणत्या दिशेला उडते : एआर-१५ची तपासणी करताना या चुका टाळा

अमेरिकेत एआर-१५ जातीची रायफल बाळगणारे नेमबाज पुंगळीची, म्हणजे गोळी झाडल्यावर बाहेर फेकल्या जाणाऱ्या काडतुसाच्या रिकाम्या खोळीची, दिशा घड्याळाच्या काट्यांवरून सांगतात. नळीचे तोंड म्हणजे १२ आणि उजवा हात म्हणजे ३. पुंगळी ३ ते ४:३०च्या दरम्यान पडली तर सगळे ठीक, १ किंवा २ला उडाली तर यंत्रणा चालवणारा, दारू जळून तयार होणारा गॅस जास्त आणि ५च्या मागे घरंगळली तर गॅस कमी, असा ढोबळ हिशेब आहे. हिशेब निराधार नाही. मात्र दिशा हे केवळ लक्षण आहे, आणि एकच लक्षण तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी दिसू शकते, हे विसरल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

पहिली चूक निरीक्षणातच होते. बंदिस्त रेंजवर दोन नेमबाजांच्या मधल्या फळीवर आपटून पुंगळ्या कुठेही जातात, त्यामुळे जमिनीवरच्या ढिगाऱ्यावरून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी असतो. मोकळ्या जागी, एकाच प्रकारच्या काडतुसांची किमान एक मॅगझिन झाडावी आणि सोबत्याला रेंजच्या नियमांत बसेल अशा जागेवरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगावे. काडतूस एकाच प्रकारचे असणे महत्त्वाचे आहे, कारण ५.५६ नाटो काडतूस .२२३ रेमिंग्टनपेक्षा साधारणतः अधिक दाबाचे असते, आणि तीच रायफल एकाने २ला तर दुसऱ्याने ४ला पुंगळी फेकू शकते.

दुसरी चूक सर्वांत महागडी आहे : दिशा पुढची दिसली की लगेच जड बफर, म्हणजे दस्त्याच्या नळीत बोल्ट कॅरियरच्या मागे बसणारे वजन, मागवणे. येथे यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते. गोळी नळीतून पुढे जाताना गॅसचा काही भाग नळीच्या छिद्रातून मागे येऊन बोल्ट कॅरियरला, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या बोल्टला घेऊन मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, ढकलतो. बोल्टवरचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून ओढतो आणि बोल्टच्या तोंडातली इजेक्टरची स्प्रिंगवरची पिन तिला दुसऱ्या बाजूने दाबून खिडकीबाहेर वळवते. खिडकीच्या मागच्या उंचवट्यावर, म्हणजे डिफ्लेक्टरवर, पुंगळी आपटते. कॅरियर जितका वेगाने मागे येत असेल तितकी ती जोराने पुढे उसळते. त्या उंचवट्यावर पितळेचा पिवळसर डाग पडतो, आणि तो पडणे हा दोष नाही. साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंसांचा, तर जड प्रकारांपैकी एच ३.८, एच२ ४.६ आणि एच३ ५.४ औंसांचा असतो. वजन वाढले की कॅरियर संथ होतो, हे खरे. पण गॅस मुळात बरोबर असून इजेक्टर किंवा एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग बिघडलेली असेल, तर जड बफर नवाच दोष जोडतो.

म्हणून आधी बोल्ट तपासावा. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करूनच रायफल उघडावी. हे दरवेळी सांगावेसे वाटते, कारण दरवेळी कोणीतरी घाई करतो. बोल्टच्या तोंडावर रिकामी पुंगळी बसवून दाबली असता इजेक्टर न अडखळता आत गेला पाहिजे आणि सोडताच जोराने बाहेर आला पाहिजे. त्याच्या भोकात पितळेचा कीस साठलेला असेल तर ते साफ केल्यानेच दिशा पुष्कळदा पूर्ववत होते.

पुंगळ्या ५च्या बाजूला मलूलपणे पडत असतील तर गळती शोधावी. कॅरियरवरच्या गॅस कीचे, म्हणजे गॅस आत घेणाऱ्या तुकड्याचे, स्क्रू ढिले आहेत का, नळीच्या छिद्रावर बसणारा गॅस ब्लॉक सरकून नळीचे छिद्र अर्धवट झाकले आहे का, हे पाहावे. बोल्टभोवतीच्या, गॅस निसटू न देणाऱ्या गॅस रिंगांसाठी सोपी चाचणी आहे : बोल्ट पूर्ण बाहेर ओढून कॅरियर टेबलावर बोल्टच्या तोंडावर उभा करावा, तो स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर रिंगा झिजल्या आहेत. तीन रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून रायफल बंद पडते, हा मात्र जुना गैरसमज आहे.

सायलेन्सर लावला की गॅस जास्त वेळ कोंडून राहतो आणि पुंगळी पुढे सरकते, हे अपेक्षितच आहे. कायम सायलेन्सर लावूनच वापर असेल तर गॅस कमी-जास्त करता येणारा समायोज्य गॅस ब्लॉक हा बफरपेक्षा बरा उपाय, कारण तो अडचणीच्या मुळाशी हात घालतो.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून ते झाडावे. बोल्ट मागे अडकून उघडा राहिला पाहिजे. ही चाचणी अनेकदा करून, आणि नेहमीच्या वापरातल्या सर्वांत कमी दाबाच्या काडतुसानेही, ती पार पडत असेल, पुंगळीची कड फाटत किंवा वाकत नसेल, तर पुंगळी २ला पडली तरी माझ्या मते काहीही बदलू नये.

हेच घड्याळ दुसऱ्या रायफलींना लावणे ही तर सरळ चूक. एम१ गॅरंड निरोगी असतानाही १ ते २च्या दिशेने पुंगळी फेकते आणि एके-४७च्या घराण्यातील रायफली तिला उजवीकडे पुढे, बरीच लांब भिरकावतात.