कराटेच्या बेल्टच्या परीक्षेआधी काय खावं?

खरं जेवण आदल्या रात्रीचं. काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), स्पारिंग (जोडीदाराशी लढत), शेवटी पुशअप्स अशा लांबलेल्या परीक्षेत स्नायू साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे खाण्यातल्या पिष्टापासून बनलेल्या इंधनावर चालतात आणि तो साठा सकाळी घाईघाईने भरत नाही. म्हणून रात्री भात, पास्ता किंवा बटाटा पोटभर खा. सोबत थोडी प्रथिनं. तेलकट-मसालेदार टाळा.

परीक्षेच्या दिवशी मुख्य खाणं तीन तास आधी उरका. ओट्स, ब्रेड आणि अंडं असं काहीतरी पुरे. तूप, चीज, कडधान्यं, कच्ची कोशिंबीर यांतली चरबी आणि तंतू पोटात रेंगाळतात, आणि पोटावर लाथ बसली की ते चांगलंच जाणवतं! परीक्षा पहाटे असेल तर तीन तासांचा हट्ट सोडा, झोप जास्त मोलाची. उठल्यावर एक केळं खा.

पाणी सकाळपासून घोटघोट प्या. ६० किलो वजनाला चार तास आधीपर्यंत साधारण ३०० ते ४०० मिली बेताचं. नंबर उशिरा लागणार असेल तर पिशवीत खजूर ठेवा, परीक्षांना वेळेवर सुरू व्हायची फारशी सवय नसते. कॉफीची सवय असेल तरच घ्या. आणि एनर्जी ड्रिंक असो वा प्रोटीन बार, कधीच न खाल्लेली वस्तू त्या दिवशी नको. आधी एखाद्या कडक सरावाला खाऊन बघा.