शरीर-सुरक्षेचा पाठ घेण्याआधी शाळेत काय तयार हवं

शरीर-सुरक्षेचा, म्हणजे लैंगिक त्रासापासून स्वतःला कसं जपायचं याचा पाठ नीट झाला, तर त्याच दिवशी एखादं मूल काहीतरी सांगायला येऊ शकतं. ऐकणारं आणि पुढे कळवणारं माणूस शाळेत ठरलेलं नसेल, तर पाठ थोडा लांबवलेला बरा. म्हणून आधी ऐकण्याची तयारी, मग शिकवण्याची.

दोन माणसं ठरवा, शक्यतो एक बाई आणि एक गुरुजी. त्यांनी 2012च्या पोक्सो कायद्याचं, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 19 वाचलेलं हवं. लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी खात्री करू’ म्हणत शाळेनं स्वतःच चौकशी मांडायची नाही. तेवढ्या वेळात मुलावर दबाव येतो आणि जबानी बदलते. न कळवल्यास कलम 21 लागतं, आणि गुन्हा हाताखालच्या माणसाचा असेल तर न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावच्या पंचांनी बसून मिटवण्याचा हा विषय नाही, हे एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

ऐकताना ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘त्यानं हात लावला का?’ असा प्रश्न तोंडात घालू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. एकदा सांगितलेलं पुन्हा वदवून घेऊ नका. संशय घरातल्याच माणसावर असेल, तर घरी निरोप धाडण्याआधी 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा.

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यातल्या मराठी शाळांना इथं एक जास्तीचं काम आहे. मूल मराठीत बोलतं आणि ठाण्यातला कागद बहुधा कन्नडमध्ये होतो. म्हणून मुलाचे शब्द जसेच्या तसे मराठीत, तारीख-वेळ घालून लिहा. मूल ‘शूची जागा’ म्हणालं तर तेच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. अर्थ तिथंच सरकतो. जबाब मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंदवला जात असेल, तर दुभाषा मिळण्याची तरतूद कलम 19मध्येच आहे. तो मागायचा, आणि शेजारपाजारच्या कुणाला त्या जागी बसवायचं नाही.

पालकांची बैठक पाठाआधी घ्या, संध्याकाळी, शेतातली माणसं परतल्यावर. ‘लहान वयात नको ते शिकवता’ हा आक्षेप येणारच. त्याला भाषणानं उत्तर देऊ नका. वर्गात दाखवायची सगळी चित्रं त्यांच्यासमोर पसरा, बहुतेकांची शंका तिथंच फिटते.

वेळही निवडा. शनिवारची सकाळची शाळा, दिवसाचा शेवटचा तास, दसरा-दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस, हे तिन्ही टाळा. सांगायचं मनात आलेल्या मुलाला त्यानंतर भेटायला कुणी उरत नाही. नलीकलीच्या (कर्नाटकातल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या) वर्गात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र असतात. तिथं वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

पाठात ‘चांगला-वाईट स्पर्श’ शिकवू नका. त्रास देणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो, लाडानं जवळ घेतो, आणि स्पर्श वाईट लागेलच असं नाही. त्यापेक्षा नियम द्या: आतल्या कपड्यांनी झाकलेले भाग स्वच्छता किंवा औषधोपचार सोडून कुणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःच्या अंगाला हात लावायला सांगायचं नाही. डॉक्टरकडे जाताना घरचं माणूस सोबत. हे मुलग्यांनाही शिकवा, फक्त मुलींना नव्हे. पोक्सो दोघांनाही लागू आहे. ‘नाही म्हण, पळ, सांग’ यात भर शेवटच्या शब्दावर द्या. घाबरून गोठलेल्या मुलाला नाही म्हणता येत नाही, आणि मग ते स्वतःलाच दोष देतं. प्रत्येक मुलाकडून त्याच्या विश्वासाची तीन मोठी माणसं वहीत लिहून घ्या, एक तरी घराबाहेरचं. ती वही दुसऱ्या मुलांना दिसू नये.

बाकीचं इतर विषयांत बसतं. परिसर अध्ययनात गावचा नकाशा काढून नदीचा घाट, उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता, सुनसान पाणंद दाखवा. कन्नडच्या तासाला ‘ननगे सहाय बेकु’ (मला मदत हवी), आपलं नाव आणि गाव एवढं तोंडपाठ हवं. बसच्या कंडक्टरशी किंवा पोलिसाशी तेच कामी येतं. 1098 आणि 112 (तातडीच्या मदतीचा क्रमांक) पाठ करून घ्या, पण सोबत गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगायची सवय लावा. सीमेवर फोन कुठल्या बाजूच्या टॉवरवरून जाईल याचा नेम नाही. दहावीच्या वर्गात परीक्षेच्या ताणावर बोलताना 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-सेवेचा, क्रमांक फळ्यावर कायम ठेवा.

प्रश्नपेटी ठेवायची तर मुख्याध्यापकांच्या दारात नको, येता-जाता सगळ्यांना दिसते. पाठानंतर प्रत्येकानं चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर ‘काही नाही’ लिहून. म्हणजे टाकणारा वेगळा पडत नाही. पेटी त्याच दिवशी दोघांनी मिळून उघडा. चिठ्ठ्या वर्गात वाचू नका, अक्षर ओळखलं जातं. बदलीच्या हंगामात पेटीची किल्ली आणि नोंदवही हजेरीपटासोबत नव्या माणसाच्या हाती द्या, आणि त्याच आठवड्यात मुलांना त्याचं नाव सांगा.