आधी गाणं, मग रिव्ह्यू

नवीन अल्बम आला की आपण पहिले काय करतो, यूट्यूबवर रिव्ह्यू पाहतो. त्यानं दहापैकी पाच दिले की मग ऐकताना आपल्यालाही पाचच वाटते. धरमपेठेत चहा पिता पिता मी जे मत ठासून मांडत होतो ते सगळं कोण्यातरी रिव्ह्यूवाल्याचं होतं, हे कळलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं भाऊ.

तर असं करा. स्कोर न पाहता अल्बम पूर्ण ऐका, तीन वेगवेगळ्या दिवशी. मी खापरीहून बर्डीला येताना मेट्रोत ऐकतो. मग मोबाईलमध्ये दोन ओळी लिहा, पण "मस्त आहे" नाही चालणार, नेमकी जागा लिहा, जसं की दुसऱ्या गाण्यात तबला थांबतो अन् नुसता आवाज उरतो तिथं अंगावर काटा आला. हे टाळू नका, कारण एकदा रिव्ह्यू पाहिला की आपलं काय अन् त्याचं काय, वेगळं काढताच येत नाही.

हा फक्त माझा अनुभव नाही. 2006 मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या मासिकात सालगानिक, डॉड्स अन् वॉट्स या संशोधकांचा प्रयोग छापून आला, 14 हजारांवर लोक अन् अनोळखी बँडची 48 गाणी. बाकीच्यांनी किती डाउनलोड केलं हे ज्यांना दिसत होतं त्यांच्यात हिट गाणी जास्तच हिट झाली, अन् गट बदलला की हिटही बदललं.

आकड्याला तर फार मानूच नका. अमेरिकन गायिका लिझ फेअरच्या 2003 च्या अल्बमला पिचफोर्क या रिव्ह्यूच्या साइटनं दहापैकी 0.0 दिले होते, लिहिणाऱ्यानं 2019 मध्ये तिची माफी मागितली, 2021 मध्ये साइटनं तेच 6.0 केले. गाणी तीच होती ना!

समीक्षक मात्र सोडू नका, त्यांच्यामुळे किती नवीन गाणी कळतात. फक्त पारखून घ्या. जो अल्बम तुम्हाला तोंडपाठ आहे त्याचा त्यानं केलेला रिव्ह्यू काढा, तो गाण्यात काय चाललंय ते सांगतो की नुसता गायकाच्या भांडणांवर बोलून राहिला ते पाहा. पहिल्या जातीचा असला तर मत जुळो न जुळो, धरून ठेवा. मग त्यानं सांगितलेली जागा परत ऐका, ऐकू आली तर तुमच्या दोन ओळींखाली तिसरी लिहा, वरच्या दोन खोडू नका.