सोळा पिक्सेलचं अक्षर सोळा पिक्सेलचं का नसतं

फॉन्ट साइज १६ ठेवली की अक्षर १६ पिक्सेल उंच होतं, अशी समजूत घेऊन बहुतेक नवखे पडद्यावर मजकूर मांडणारा कोड लिहिण्याच्या कामात उतरतात. ते १६ पिक्सेल असतात एमचे. एम म्हणजे फॉन्ट आखणाऱ्याने धरलेला एक काल्पनिक चौकोन. 'क'ने त्यातली किती जागा व्यापायची, वेलांटी त्याच्याही वर किती न्यायची, हे सगळं त्याच्या मर्जीवर. म्हणून एकाच साइजला एका फॉन्टचा 'क' ठेंगणा दिसतो, दुसऱ्याचा ऐसपैस. त्यात तुमच्या कोडचा काही दोष नसतो.

इंदूरकडे हे काम बहुधा मागच्या दाराने येतं. ॲप लॅटिन अक्षरं समोर ठेवून बांधलेलं असतं आणि अगदी शेवटी कोणीतरी म्हणतं, आता यात हिंदी घाला, मराठीही घाला. बटणावरचा इंग्रजी शब्द नीट बसलेला असतो, पण 'नोंदणी'ची वेलांटी आणि अनुस्वार वरून छाटले जातात. मग ज्याला देवनागरी वाचता येते त्याच्याकडे ती फाइल सरकवली जाते. घरात मराठी आणि बाजारात हिंदी वाचणाऱ्या इथल्या मुलामुलींना या कामात एक फायदा असतो: चूक नजरेला टोचते. ती का झाली हे सांगता येणं मात्र शिकावं लागतं.

पहिला आकडा युनिट्स-पर-एम, म्हणजे एमची बाजू किती भागांत वाटली आहे तो. तो फॉन्ट-फाइलच्या हेड नावाच्या टेबलमध्ये, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, असतो. ट्रूटाइप फॉन्टमध्ये परंपरेने २०४८, सीएफएफ या फॉन्ट-प्रकारात बहुधा १०००. पण दुसराही असू शकतो, म्हणून तो नेहमी फाइलमधूनच वाचायचा. फॉन्टमधली सगळी मापं या एककात असतात आणि पिक्सेलमध्ये आणायचं सूत्र एका ओळीचं आहे: माप गुणिले पिक्सेल साइज भागिले युनिट्स-पर-एम. साइज पॉइंटमध्ये दिली असेल तर आधी डीपीआयने (एका इंचातले पिक्सेल) गुणून ७२ ने भागायचं; ९६ डीपीआयला १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. कोडमध्ये कोणी १००० हा आकडा थेट लिहून ठेवला असेल आणि उद्या २०४८ चा फॉन्ट आला, तर अक्षरं दुपटीहून थोडी मोठी दिसतात. असं दिसलं की बाकी काही न तपासता आधी तिथेच जायचं.

खरा घोळ पूर्णांक करण्यात असतो. समजा एका अक्षराची आगेकूच, म्हणजे ॲडव्हान्स, ५८३ युनिट आहे आणि एम १००० चा. १६ पिक्सेलला ती ९.३२८ पिक्सेल येते. कोणी तिचे ९ केले तर अक्षरामागे ०.३२८ पिक्सेल हरवतात. अशी ४० अक्षरं झाली की ओळ १३ पिक्सेलने, म्हणजे एका अख्ख्या अक्षराहून जास्त, आखडते. शिवाय पीडीएफमध्ये ओळ एका ठिकाणी तुटते, स्क्रीनवर दुसऱ्याच. उपाय साधा आहे: ओळीचा हिशेब शेवटपर्यंत फॉन्टच्याच एककात करा आणि पिक्सेलवर फक्त चित्र काढताना या. फ्रीटाइप ही अक्षरं काढणारी लायब्ररी वापरत असाल तर तिची मापं २६.६ पद्धतीची असतात, म्हणजे एका पिक्सेलचे ६४ भाग. वरचे ९.३२८ तिथे ५९७ होऊन येतात. ६४ ने भागायचं राहिलं तर अक्षरं पडद्याबाहेर उधळतात; दोनदा भागलं तर सगळी एकावर एक चढतात. हिंटिंग (अक्षराच्या रेषा पिक्सेलच्या जाळीला जुळवणं) चालू असेल तर फ्रीटाइप ॲडव्हान्स बहुधा स्वतःच पूर्ण पिक्सेलवर नेते. ते नको असेल तर हिंटिंग बंद करून ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधलं अक्षरचित्र, मागवायचा.

उंचीच्या बाबतीत एकाच फॉन्टमध्ये आकड्यांचे तीन संच असतात, आणि नवख्यांचे सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात. एक एचएचईए टेबलमधला, दुसरा ओएस-टू टेबलमधला 'टायपो', तिसरा त्याच टेबलमधला 'विन'. मॅक पहिला वाचतो, जीडीआय हा विंडोजचा चित्र काढणारा जुना भाग तिसरा. ओएस-टूच्या एफएस-सिलेक्शनमधला ७ क्रमांकाचा बिट चालू असेल, तर फॉन्ट सांगत असतो की टायपो वापरा. तिन्ही संच जुळत नसले की तोच मजकूर एका यंत्रावर मोकळा आणि दुसऱ्यावर दाटीवाटीचा दिसतो. चिन्हाचीही मेख आहे: पहिल्या दोन संचांत बेसलाइनखालचं (अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिच्याखालचं) माप ऋण लिहितात, विनमध्ये तेच धन. असेंडर (बेसलाइनच्या वरचं माप) ११००, डिसेंडर (खालचं) उणे ४५० असेल तर उंची १५५० युनिट, म्हणजे १००० च्या एमला १६ पिक्सेलवर २४.८ पिक्सेल. वजाबाकीऐवजी सरळ बेरीज केली की ६५० येतात आणि ओळी एकमेकींवर बसतात. विनचे आकडे कमी असले तर जीडीआय त्या रेषेवरच अक्षर कापतो. रफारासकट वेलांटी आणि वर अनुस्वार असेल तर आधी तोच बळी जातो.

त्यामुळे तपासायला 'नमस्कार' लिहून उपयोग नाही. तो शब्द कुठेच कापला जात नाही. वरच्या बाजूला 'मूर्तींची' घ्या: रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर. खालच्या बाजूला 'उद्धृत'. हे दोन शब्द एकाखाली एक लिहा, वर 'उद्धृत' आणि खाली 'मूर्तींची'. दोन ओळींतलं अंतर पुरतं की नाही ते लगेच दिसतं.

अक्षरं एकेक करून मोजायची सवय देवनागरीत सोडावी लागते. 'क्षि' म्हणजे चार कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक), पण पडद्यावर बहुधा दोनच ग्लिफ येतात, आणि पहिली वेलांटी शेवटी टाइप होऊनही अक्षराच्या डावीकडे जाऊन बसते. हे काम शेपरचं, म्हणजे हार्फबझसारख्या लायब्ररीचं. रुंदी शेपरमधून बाहेर पडलेल्या पूर्ण शब्दाची मोजायची. शेपर ॲडव्हान्सबरोबर आडवा आणि उभा सरकावही देतो. अनुस्वार आणि उकार त्यानेच जागेवर बसतात. बरेच जण ॲडव्हान्सला स्केल लावतात आणि सरकावाला विसरतात. मग छोट्या साइजला ठीक वाटणारा अनुस्वार मोठ्या मथळ्यात भलतीकडे दिसतो. शिवाय फॉन्टमध्ये वरची दिशा धन, पडद्यावर बहुधा खालची. चिन्ह उलटवलं नाही तर वर जायचं ते खाली येतं.

शिरोरेषेचा मामला वेगळा, आणि खरं तर इथेच हात तयार होतो. शेजारच्या दोन अक्षरांच्या रेषा सांध्यावर थोड्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. प्रत्येक ग्लिफ पूर्ण पिक्सेलवर नेऊन ठेवला की काही सांध्यांत बारीक फट पडते. रंग ४० टक्के पारदर्शक असेल तर फट नाही, उलट सांध्यावर गडद ठिपका दिसतो, कारण तिथे रंग दोनदा पडतो. अशा वेळी आधी पूर्ण रंगात वेगळ्या थरावर काढायचं आणि मग त्या थराला पारदर्शकता द्यायची. सगळ्या ग्लिफांचा एकच पाथ (बाह्यरेषा) केला तरी चालतं, पण भरण्याचा नियम नॉन-झीरो हवा. इव्हन-ऑड ठेवला तर सांध्यांत चक्क भोकं पडतात. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह डिझायनरला होतोच. लॅटिनला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. नम्रपणे नाही म्हणा.

इंदूरच्या कामात हिंदी आणि मराठी एकाच पानावर येतात, आणि 'होलकर', 'होळकर' ही दोन्ही रूपं शेजारी असू शकतात. 'ल' आणि 'श' यांचं मराठी वळण वेगळं, कोडपॉइंट मात्र तोच. मजकुराला मराठीची भाषा-खूण लावली आणि फॉन्टमध्ये त्यासाठीची सोय असली तरच मराठी वळण येतं. खूण चढली-उतरली की रुंदीही बदलू शकते, म्हणून ती मोजण्याआधी लावायची. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. जुन्या फॉन्टमध्ये तो नसला तर ते एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून येतं, त्या फॉन्टची उंची घेऊन येतं, आणि तेवढीच ओळ खाली सरकते. 'ॲप' असलेल्या ओळीच उड्या मारत असतील तर कारण बहुधा हेच.

छपाईवाल्यांकडून कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल आली तर तिथे वरचं काहीच लागू नाही. त्यात देवनागरीची चित्रं लॅटिन कोडवर बसवलेली असतात. आधी युनिकोडमध्ये आणा, पहिली वेलांटी आणि रफार यांची जागा बदलून. नुसतं शोधा-बदला करून ते जमत नाही.

सरावाला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पायथनमधली फॉन्टटूल्स बसवा, तिच्या टीटीएक्स या साधनाने नोटो सान्स देवनागरी आणि 'मुक्त' (Mukta) या दोन मोफत फॉन्टांची हेड, एचएचईए आणि ओएस-टू टेबलं उघडा आणि उंचीचे तिन्ही संच कागदावर शेजारी मांडा. मग हार्फबझबरोबर येणाऱ्या एचबी-शेपला 'मूर्तींची' द्या. प्रत्येक ग्लिफचं नाव, क्लस्टर (तो मजकुरातल्या कुठल्या जागेवरून आला), सरकाव आणि ॲडव्हान्स समोर येतो. तो हाताने १६ पिक्सेलला आणून एचबी-व्ह्यूच्या चित्राशी ताडून पाहा. फ्रीटाइपवर एक ओळ स्वतः काढून दाखवणारा दीड-दोनशे ओळींचा प्रोग्राम मुलाखतीत दाखवायला पुरतो. तो १६ वर सुंदर दिसला म्हणून थांबू नका. ९६ डीपीआयला ११ पॉइंट घ्या, तिथे १४.६७ पिक्सेल येतात. मग विंडोजचं स्केल १२५ टक्के करा, म्हणजे १२० डीपीआय. तिथे तेच ११ पॉइंट १८.३३ होतात. फटी आणि छाटलेले अनुस्वार अशाच अडनिड्या मापांवर बाहेर पडतात.