‘चक्कर येते’ म्हणजे नक्की काय होतं?

एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुजू झालो तेव्हा न्यूरोलॉजी, म्हणजे मेंदू आणि नसांचे आजार, म्हटलं की मला एमआरआयच आठवायचा. इथे हाताशी टॉर्च, ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, आणि सापडली तर हातोडी. बरंच भागतं त्यात. कुणाला आत्ता गाडीत घालायचं आणि कुणाला सोमवारी बोलवायचं, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

आधी पेशंटची भाषा शिका. ‘चक्कर’मध्ये घर गरगरणं, उठल्यावर अंधारी येणं, तोल जाणं, नुसता अशक्तपणा, सगळं येतं. मी म्हणतो, “मावशी, चक्कर हा शब्द सोडून सांगा.” मग बाकावरून दारापर्यंत चालायला लावतो.

‘तोंड वाकडं झालं’ म्हणणाऱ्याला भुवया उचलायला सांगा. त्या बाजूच्या कपाळालाही आठ्या पडत नसतील तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे दोष चेहऱ्याच्या नसेत, मेंदूत नाही. 72 तासांच्या आत स्टेरॉइड सुरू करा, न मिटणारा डोळा जपा. आठ्या पडतात, पण ओठ ओघळलाय आणि उचललेला हात खाली येतोय, तर लकवा, म्हणजे मेंदूचा झटका, धरून चाला. लगेच शुगर बघा, ती उतरली तरी असंच दिसतं. मग विचारा, शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात. नातेवाईक ‘सकाळी झालं’ म्हणतात. खोदून विचारलं की कळतं, सकाळी फक्त लक्षात आलं, नीट बोलला होता तो रात्री 9 वाजता. ती वेळ चिठ्ठीवर ठळक लिहा आणि 108ने सीटी स्कॅन असेल तिथे पाठवा. बीपी 190 दिसलं म्हणून घाबरून जिभेखाली गोळी ठेवू नका. सीटीआधी ॲस्पिरिन नको. चहाही नको, ठसका लागतो.

आकडीत कांदा-चप्पल हुंगवणाऱ्यांना बाजूला करा, पेशंटला कुशीवर वळवा. 5 मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलाम हे आकडी थांबवणारं औषध नाकात.

माझी चूक वेगळीच होती. पावसाळ्यात पहाटे एक तरुण पोट दुखतं म्हणून आला. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बसवला. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, “सर, ह्याच्या पापण्या उघडत नाहीयेत.” रात्री जमिनीवर झोपला होता. मण्यार साप चावला होता. अंगावर दंशाची खूण कुठेच नाही. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल लावल्या आणि हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग घेऊन मीच गाडीत बसलो. वाचला तो. तेव्हापासून पहाटेच्या पोटदुखीला मी वर बघत राहायला सांगतो आणि मनात आकडे मोजत पापण्यांवर नजर ठेवतो.