पहिला क्लासिक आरपीजी निवडताय? या चुका टाळा

"जुन्या धाटणीचा आरपीजी खेळायचाय, कुठून सुरुवात करू?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो. (आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, आपण एका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट खेळायची.) मी उत्तर देते, समोरचा मान डोलावतो, आणि घरी जाऊन 'आजवरचे सर्वोत्तम' अशा कुठल्यातरी यादीतला पहिल्या नंबरचा गेम उतरवून घेतो. दोन आठवड्यांनी चौकशी केली की कळतं, गेम केव्हाच बंद पडलाय आणि "हे आपलं काम नाही" असा निकालही लागलाय. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा माणूस या खेळांसाठी अगदी योग्य असतो, फक्त निवड चुकलेली असते. आणि ती दर वेळी त्याच चार-पाच कारणांनी चुकते.

क्लासिक म्हणजे मी काय म्हणतेय तेही सांगते. वरून तिरका दिसणारा नकाशा, सोबत्यांची पार्टी, पडद्यामागे पडणारे फासे आणि वाचायला भरपूर मजकूर. १९९७ च्या 'फॉलआउट'पासून २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'पर्यंत बरंच काही यात बसतं.

चूक पहिली: यादीतला पहिला नंबर उचलणे

ही चूक मी स्वतः दुसऱ्याच्या गळ्यात मारली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या मावसभावाला बुद्धिबळाचं वेड आहे. त्याने विचारलं, "ताई, पहिला कुठला घेऊ?" मी क्षणभरही विचार न करता १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' सांगितला. तो माझा जीव की प्राण, प्रत्येक यादीत वरच्या जागी, मग आणखी काय बघायचं? त्याने हौसेने जादूगार निवडला. आता त्या गेममधे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत, आणि त्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराची जीवनशक्ती असते चार ते सहा गुण. मंत्र दिवसाला एक, फार तर दोन. कँडलकीपचा सुरक्षित कोट सोडून तो बाहेर पडला आणि रस्ता सोडून जंगलात शिरला. लांडग्याने त्याला दोन चाव्यांत संपवलं. तो मेला की गेम संपतो, कारण नायकाला त्यात जिवंत करता येत नाही. पुन्हा लोड. पुन्हा लांडगा. तिसऱ्या संध्याकाळी तो कसाबसा फ्रेंडली आर्म सरायच्या पायऱ्यांपर्यंत पोचला. तिथे एक मारेकरी जादूगार वाट बघत असतो. तो भीतीचा मंत्र टाकतो, पार्टी सैरावैरा पळते, आणि मग जादूचे बाण सुटतात. मावसभावाने तिथेच गेम काढून टाकला.

त्याला सगळ्यात जास्त कशाने छळलं हे मी नंतर विचारलं. मरण्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. "माझी चाल कधी होती तेच कळलं नाही," म्हणाला. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला मी असा गेम दिला होता ज्यात सगळे एकाच वेळी हलतात आणि आपण स्पेसबार दाबून काळ थांबवायचा असतो. वर तो थॅको, म्हणजे वार लागतो की नाही हे ठरवणारा आकडा. त्यात आकडा जितका कमी तितका योद्धा चांगला, आणि चिलखताचा आकडाही कमी तितका भक्कम. तुमचा थॅको २० आणि शत्रूच्या चिलखताचा आकडा ५ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. एकदा समजलं की सोपं आहे, पण समजावून सांगायला गेम थांबत नाही. ते जाडजूड छापील पुस्तिकेचं काम होतं, आणि आज ती पुस्तिका उघडतो कोण?

तेव्हापासून मी आधी तीन गोष्टी विचारते.

पहिली, लढाई कशी हवी? आळीपाळीने चाली करायला आवडत असतील तर 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' किंवा 'बाल्डर्स गेट ३'. दोन्हींत चार जणांची पार्टी, प्रत्येकाची पाळी स्पष्ट दिसते, आणि पाण्याच्या डबक्यात वीज सोडली की डबक्यात उभे असलेले सगळे भाजतात, असल्या युक्त्या डोळ्यांसमोर शिकता येतात. सहा जणांना एकदम हाकायला, मधेच काळ थांबवून हुकूम सोडायला आवडणार असेल तर २०१५ चा 'पिलर्स ऑफ इटर्निटी' घ्या. ज्या गेम्सच्या आठवणीवर तो उभा आहे त्यांच्यापेक्षा तो नवख्याला कितीतरी जास्त समजावून घेतो.

दुसरी गोष्ट वाचनाची. १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉरमेंट' आणि २०१९ चा 'डिस्को एलिसियम' या दोन्हींवर माझं मनापासून प्रेम आहे, पण ते आधी वाचायचे आणि मग खेळायचे गेम आहेत. 'डिस्को'मधे नेहमीच्या अर्थाची लढाईच नाही. तुमची चोवीस कौशल्यं डोक्यात बसून तुमच्याशी बोलतात, वाद घालतात, कधी चुकीचा सल्लाही देतात. 'टॉरमेंट'मधला नायक सहसा मरतच नाही, मारला गेला तरी पुन्हा उठतो. तिथे दंडातली ताकद बाजूला ठेवून बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याच्या गुणांवर आकडे टाकावेत, कारण उत्तम प्रसंग संवादातच उघडतात. कादंबरी हातात घेऊन रात्र जागवणाऱ्याला यांपैकी कुठलाही द्या, तो तुम्हाला दुवा देईल. तलवारबाजीसाठी आलेल्याला देऊ नका.

तिसरी गोष्ट, वेळ किती आहे? साठ-ऐंशी तासांचा डोंगर पहिल्याच खेपेला कशासाठी चढायचा? इथे मी नेहमी 'शॅडोरन: ड्रॅगनफॉल' सुचवते. २०१४ चा गेम. भविष्यातलं बर्लिन, त्यात जादूही आणि संगणकही, आळीपाळीची लढाई, सुटसुटीत नियम, चार जणांची पक्की टोळी आणि वीस-पंचवीस तासांत पूर्ण होणारी गोष्ट. याद्यांमधे त्याचं नाव फारसं वर नसतं. पण ज्यांना मी तो दिला त्यांतल्या बहुतेकांनी तो पूर्ण केला, आणि पहिल्या गेमच्या बाबतीत माझ्यासाठी ही एकच कसोटी आहे.

चूक दुसरी: मालिकेत मधेच उडी मारणे, किंवा उगाच सुरुवातीपासून धरणे

दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. 'बाल्डर्स गेट ३' साठी आधीचे दोन खेळायची गरज नाही. त्याची गोष्ट शंभराहून अधिक वर्षांनंतर घडते, नियमही पाचव्या आवृत्तीचे आहेत. 'ओरिजिनल सिन २' सुद्धा थेट सुरू करा. याउलट 'बाल्डर्स गेट २' पहिल्याशिवाय घेऊ नका. त्यात नवा नायक तयार केला तर तो ८९,००० अनुभवगुण घेऊनच उतरतो, म्हणजे जादूगाराच्या हातात पहिल्याच मिनिटाला मंत्रांचा ढीग, आणि कुठला कशासाठी याचा पत्ता नाही. 'पिलर्स'चा दुसरा भाग पहिल्याच नायकाची गोष्ट पुढे नेतो, तेव्हा तिथेही क्रम पाळा.

चूक तिसरी: तयार बिल्ड उतरवून घेणे

या सवयीवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

एका मित्राने 'पाथफाइंडर: किंगमेकर' घेतला. पहिला गेम म्हणून मी तो कुणालाच देत नाही, पण त्याने घेतला. सुरू करण्याआधी दोन दिवस वाचून त्याने एक बिल्ड, म्हणजे नायक कसा घडवायचा याचा दुसऱ्याने आखलेला आराखडा, शोधून काढली. दोन लेव्हल या क्लासच्या (क्लास म्हणजे योद्धा, जादूगार असा नायकाचा पेशा), एक त्या क्लासची, मग तिसऱ्याच्या, असं वीस लेव्हलपर्यंतचं वेळापत्रक. फुलपाखरू नंतर दिसणार होतं, आधी सुरवंट सांभाळायचा होता, आणि वेळापत्रकात सुरवंटाबद्दल अक्षरही नव्हतं. सुरुवातीलाच एका गुहेत कोळ्यांचे थवे लागतात. थव्याला तलवार, बाण काही लागत नाही. शेकडो बारीक जीव, वार करणार कुणावर? मित्र तासभर तलवार चालवत राहिला. आपल्याच बिल्डमधे काही चुकलं असं समजून त्याने नायक पुसून नवा केला, आणि दुसऱ्या नायकासह त्याच गुहेत पुन्हा मेला.

उत्तर होतं आगीच्या कुप्या. फेकल्या की आग आजूबाजूला उडते, आणि अशा पसरणाऱ्या माऱ्यापुढे थवा टिकत नाही. थव्याच्या वर्णनात हत्यारांना तो दाद देत नाही हे लिहिलेलं असतं. पण बिल्ड उतरवून घेणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या आकड्यांवर असतं, समोरच्याकडे नसतंच. अशा बिल्ड लिहिणारे लोक गेम चार-पाचदा संपवलेले असतात आणि सगळ्यात वरच्या काठिण्यपातळीसाठी लिहितात. ते ज्ञान त्यांनी मरून मिळवलंय. त्याची नक्कल करून तुम्हाला आकडे मिळतील, पण तो आकडा का, हे कळणार नाही, आणि पहिल्याच अनपेक्षित अडचणीला हात टेकाल.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या खेपेला एकच क्लास, शक्यतो फायटर म्हणजे योद्धा किंवा तत्सम वार अंगावर घेणारा, आणि शेवटपर्यंत तोच. जादू सोबत्यांच्या हातांनी शिका. 'फॉलआउट'मधे नायक एकटाच तुमच्या ताब्यात असतो, तिथे साध्या बंदुकांचं कौशल्य आणि संभाषणाचं कौशल्य घ्या. ऊर्जाशस्त्रं फार उशिरा हाताला लागतात, सुरुवातीला त्यात गुण टाकणं म्हणजे नुसतं साठवून ठेवणं.

छोट्या चुका, पण रोजच्या

काठिण्यपातळी खाली आणायची लाज. 'पिलर्स' आणि 'बाल्डर्स गेट'च्या नव्या आवृत्तीत गोष्टीसाठी खेळणाऱ्यांची पातळी मुद्दाम दिलेली आहे. वापरा.

एकच सेव्ह. क्विकसेव्ह ही सोय आहे, तिच्या भरवशावर राहू नका. नव्या जागी शिरण्याआधी वेगळ्या नावाने सेव्ह करायचं, मी जागेचं नाव आणि लेव्हल लिहिते. दार मागे बंद होणारी तळघरं या प्रकारात पुष्कळ आहेत.

औषधाच्या बाटल्या शेवटच्या लढाईसाठी जपणं. शेवटच्या लढाईला चाळीस उरतात. आत्ता प्या.

फासे मनासारखे पडेपर्यंत नायकाचे आकडे पुन्हा पुन्हा टाकत बसणं. दहा वेळा टाका, बरा आला की निघा.

पहिल्याच खेपेला मॉड्स, म्हणजे चाहत्यांनी गेममधे केलेले बदल. नाही. जुन्या गेमची नवी आवृत्ती मात्र जरूर घ्या. मूळ 'बाल्डर्स गेट' ६४० बाय ४८० च्या पडद्यासाठी होता, २०१२ च्या सुधारित आवृत्तीत तो आजच्या पडद्यावर नीट बसतो.

घड्याळाची भीती. 'फॉलआउट'मधे पाण्याची चिप (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सुटा भाग) शोधायला १५० दिवस मिळतात, आणि हे ऐकूनच लोक धावत सुटतात किंवा गेमच टाळतात. दिवस मुख्यतः नकाशावरच्या लांब प्रवासात जातात. गावातल्या लोकांशी निवांत बोलत राहिलात तरी १५० दिवस भरपूर होतात.

संवाद न वाचता क्लिक करत सुटणे

ही शेवटची, आणि अधीर लोकांची खास. जुन्या गेम्समधे डोक्यावर बाण दाखवणारी खूण नसते. सरायवाला बोलता बोलता म्हणतो की दक्षिणेच्या गावात काहीतरी बिनसलंय, आणि तोच तुमचा पुढचा रस्ता असतो. तो तुम्ही उडवलात तर नंतर "कुठे जायचं तेच कळत नाही" ही तक्रार करायचा हक्क राहत नाही. मी शेजारी वही ठेवते. नाव, जागा, काय म्हणाला, एका ओळीत. गेममधलं जर्नल असतं, पण त्यात गेमला महत्त्वाचं वाटतं तेवढंच येतं. मला खटकलेलं माझ्या वहीत येतं.

अडकलात तर? मी तीन वेळा वेगवेगळ्या युक्तीने हरल्याशिवाय उत्तर शोधत नाही. तीन वेळा त्याच युक्तीने हरणं मोजत नाही.

मावसभावाला मी दोन वर्षांनी 'ओरिजिनल सिन २' दिला. त्याने तो दोनदा संपवला, मग 'ड्रॅगनफॉल', आणि मग स्वतःहून म्हणाला, "ताई, तो लांडग्यांचा गेम पुन्हा बघू का?" या वेळी त्याने फायटर घेतला, सुरुवातीलाच भेटणाऱ्या इमोएन या सोबतिणीला बरोबर ठेवलं, सरायपर्यंत रस्ता सोडला नाही, आणि पायऱ्यांवरच्या माणसाने मंत्र म्हणायला तोंड उघडताच दोघांनी मिळून त्याच्यावर बाण सोडले. वार लागला की मंत्र तुटतो, हे आता त्याला ठाऊक होतं. आत खलिद आणि जहेरा हे पुढचे सोबती भेटले. परवा त्याचा फोन आला. ऐन लढाईत तलवार मधोमध मोडली होती. मी सांगायला लागले तर म्हणाला, "थांब, सांगू नकोस. लोखंडाबद्दल दोन-तीन जण काहीतरी बोलले होते, वहीत लिहिलंय मी. आधी नॅशकेलच्या खाणीत जाऊन येतो."