अर्धवेळ नोकरी आणि परवडणारा आरोग्य विमा
आधी मालकाला लेखी विचारा: गटविम्यासाठी (कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या सामूहिक विम्यासाठी) आठवड्याला किमान किती तास भरावे लागतात? दोन-तीन तासांनी हुकत असेल, तर तास वाढवून घेणं वेगळ्या पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. नाहीतर जोडीदाराच्या गटविम्यात नाव घालता येतं का, उत्पन्नानुसार सरकारी योजना लागू होते का, हे पाहा.

स्वतःची पॉलिसी घेताना नुसता हप्ता पाहू नका. फसगत तिथेच होते. हप्ता कमी, तर डिडक्टिबल सहसा मोठं. ते 50,000 असेल, तर तेवढं बिल आधी तुमच्या खिशातून. वर को-पे, म्हणजे उरलेल्या बिलातला तुमचा वाटा, 20 टक्के असेल, तर 1,50,000 च्या बिलात तुमचे एकूण 70,000 जातात. तेवढी शिल्लक नसेल, तर हा ‘स्वस्त’ विमा महागच. जुना आजार अर्जात लपवू नका, दावा त्यावरच फेटाळला जाऊ शकतो.